ॲप चकाचक, पण बिलाची स्क्रीन नीट वाचा

बँकेच्या क्रेडिट कार्ड ॲपबद्दल लिहितोय. लॉगिन पटकन होतं, कार्ड लॉक-अनलॉक एका टॅपवर, त्यात काही बोलायला जागा नाही.

डोकं फिरतं ते बिलाच्या स्क्रीनवर. तिथे 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली कमीत कमी भरायची रक्कम, आधीच सिलेक्ट केलेलं असतं आणि पूर्ण रक्कम खाली बारीक अक्षरात, घाईतला माणूस सरळ पे दाबून मोकळा होतो आणि त्याला वाटतं चला या महिन्याचं मिटलं. अहो मिनिमम भरून फक्त लेट फी वाचते, व्याज नाही वाचत! उरलेल्या रकमेवर ते लागतंच, वर नवीन खरेदीला मिळणारा बिनव्याजी काळही सहसा जातो, म्हणजे आज काही घेतलं की आजपासूनच मीटर चालू. महिन्याला ३ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं पण चक्रवाढीने वर्षाला ४२ टक्क्यांच्या वर जातं, आणि हा वार्षिक आकडा ॲपमध्ये पार आत कुठेतरी टाकलाय, का ते तुम्हीच समजून घ्या.

कार्डवरून कॅश काढायचं बटण मात्र होम स्क्रीनवर ठळक. बहुतेक कार्डांवर कॅशला बिनव्याजी काळ नसतोच, शिवाय फी वेगळी.

कस्टमर केअरच्या मॅडम चांगल्या बोलल्या, पूर्ण रकमेचा ऑटो डेबिट लगेच लावून दिला. हा ऑप्शन पण डिफॉल्टला मिनिममवरच असतो बरं का, चेक करा. ५ पैकी २ स्टार, त्यातला एक त्या मॅडमचा.