१८६३ जीबी दाखवणारी ६४ जीबीची एसएसडी

लॅपटॉपसाठी वेबसाइटवरून २ टीबीची एसएसडी (फिरत्या डिस्कऐवजी चिपवर डेटा साठवणारी ड्राइव्ह) घेतली, विंडोजमध्ये १८६३ जीबी दिसत होतं. २ टीबीची ड्राइव्ह लावली की एवढंच दिसतं, हे मला माहीत होतं, म्हणूनच मी निर्धास्त राहिलो. आत निघाली ६४ जीबीची चिप! ड्राइव्ह चालवणाऱ्या कंट्रोलर चिपच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे तिच्या आतल्या प्रोग्राममध्ये, खोटा आकडा भरलेला, आणि विंडोज ड्राइव्ह सांगेल तेच दाखवतं.

पेनड्राइव्हमध्ये हे चालतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण लॅपटॉपच्या आत बसवायच्या, ज्यावरून मशीन सुरू होणार त्या ड्राइव्हमध्येही? खोका सीलबंद, लेबलवर सीरियल नंबर, रेटिंग उत्तम. कोणीही घेतली असती.

खटकायला हवं होतं ते क्लोनिंगच्या, म्हणजे जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल नव्या ड्राइव्हवर करण्याच्या वेळी. चांगली साटा (लॅपटॉपमधली नेहमीची जोडणी) एसएसडी सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास लिहिते. इथे आकडा २५ वर अडकलेला. माझी जुनी फिरती हार्डडिस्कसुद्धा १०० द्यायची! तो २५ कितीतरी वेळ माझ्या डोळ्यांसमोर होता. विक्रेत्याला विचारलं, तर म्हणाला, "जुनी डिस्क स्लो आहे हो, पहिल्या क्लोनला असंच होतं." जुनी डिस्क कुरकुरत होतीच, त्यामुळे पटलं. आजही तो २५ आठवला की डोकं भणभणतं.

क्लोन ४८ जीबीचा होता, तो मावला. लॅपटॉप आधीपेक्षा लवकर सुरूही व्हायला लागला, म्हणून जुनी डिस्क पुसली. मग १८० जीबी फोटो-व्हिडिओ टाकले. क्लोन धरून २२८ लिहिले, जागा ६४. जागा संपली तरी ड्राइव्ह आधीच्यावरच लिहीत गेली. म्हणजे किमान १६४ जीबी गेलेच. फाइलींची नावं दिसतात, साइज दिसते, उघडत काहीच नाही. शेवटी विंडोजच्या फाइलींवरही लिहिलं गेलं आणि मशीन सुरू होईना. एकावर दुसरं लिहिलं गेलं की रिकव्हरीवालाही काही करू शकत नाही.

क्लोन करण्याआधी एच२टेस्टडब्ल्यू (H2testw) हा ड्राइव्हची खरी जागा तपासणारा विंडोजचा प्रोग्राम चालवा. लिनक्स किंवा मॅक असेल तर त्याच कामाचा एफ३ (F3). पूर्ण ड्राइव्ह भरून परत वाचली की ही लबाडी उघडी पडते. क्विक फॉरमॅटने काहीही कळत नाही, तो सगळी जागा तपासतच नाही.

तक्रार केली तर वेबसाइटवाले म्हणाले, स्क्रीनशॉट पाठवा. पाठवला. उत्तर आलं: "ड्राइव्ह पूर्ण क्षमता दाखवत आहे, तक्रार बंद." अहो, तीच तर फसवणूक आहे! चाचणीचा निकाल पाठवला, तर परतीची मुदत संपली म्हणे. ड्राइव्ह भरल्याशिवाय जे कळत नाही, ते मुदतीत कळणार कसं? पैसे परत मागितले तर बँक म्हणते, वस्तू मिळाली ना, मग वाद कसला. पोलीस म्हणतात, रक्कम किरकोळ आहे. माझ्या मुलीचे लहानपणचे फोटो कोणत्या रकमेत धरायचे? प्रत्येकाने पुढच्याकडे बोट दाखवलं, आणि तो विक्रेता दुकानाचं नाव बदलून, ड्राइव्हचे तेच फोटो लावून अजून विकतोय.

जुनी डिस्क एवढ्यात पुसू नका. खोका उघडताना व्हिडिओ काढा. आणि अशी ड्राइव्ह आधीच लावली असेल, तर तिच्यावर आता एकही नवी फाइल टाकू नका. जे उघडतंय ते आजच दुसरीकडे काढून घ्या.