दुकानाने फेसबुकला सांगितलं. आता दाद कुठे मागायची?

अप्पांसाठी मोठ्यांचे डायपर हवे होते. वहिनींनी एका दुकानाच्या वेबसाइटवर शोधले, ७४० रुपये भरले आणि बोरिवलीचा पत्ता दिला. दुसऱ्या दिवशी लेडीज डब्यात इन्स्टाग्राम उघडलं तर पहिलीच जाहिरात त्याच पाकिटाची, आकारसुद्धा तोच. शेजारची बाई वाकून बघत होती. संध्याकाळी घरी आल्या आल्या वहिनींनी विचारलं, "यावर केस करता येते का हो भावजी?"

करता येते. पण दारं तीन आहेत आणि प्रत्येक दारात वेगळी वस्तू मिळते.

आधी पुरावा. फेसबुकच्या सेटिंग्जमध्ये खूप आत 'युअर ॲक्टिव्हिटी ऑफ मेटा टेक्नॉलॉजीज' असं एक पान दडलेलं आहे. (मेटा म्हणजे फेसबुक आणि इन्स्टाग्राम दोन्हींची मालक कंपनी.) ते उघडलं तर यादीत त्या दुकानाचं नाव होतं. मग लॅपटॉपवर दुकानाचं पान उघडून राइट क्लिक, 'इन्स्पेक्ट', 'नेटवर्क' असं करत गेलो आणि तेच पाकीट पुन्हा टोपलीत टाकलं. त्याच क्षणी फेसबुककडे एक ओळ गेली: 'ॲड टू कार्ट', वस्तूचा कोड, किंमत ७४०. ही ओळ पाठवणाऱ्या छोट्या प्रोग्रामला पिक्सेल म्हणतात. तो दुकानाने स्वतःच्या हाताने बसवलेला असतो, फेसबुक काही खिडकीतून आत शिरत नाही. म्हणून पहिला जाब दुकानालाच विचारायचा. हे सगळं तारीख दिसेल असं स्क्रीनवर रेकॉर्ड करून ठेवा, कारण पिक्सेल काढायला त्यांना पाच मिनिटंही लागत नाहीत.

आमचा न्यू जर्सीचा मावसभाऊ म्हणाला, सगळे मिळून दावा लावा, चेक येईल. त्याचं तिथे खरं आहे. कॅलिफोर्नियाचा १९६७ चा कायदा मुळात फोनवर चोरून ऐकणाऱ्यांसाठी केलेला, पण त्यात दर उल्लंघनाला ५,००० डॉलर असा आकडाच लिहिलेला आहे. तोच कायदा आता वकील वेबसाइटवाल्यांवर चालवतात. कोर्टं दर वेळी मान्य करतात असं नाही, पण दुकानं घाबरून तडजोड करतात. आपल्याकडे असा ठरलेला आकडा नाही, आणि 'जिंकलो तर त्यातला हिस्सा' या बोलीवर वकिलाला केस घेता येत नाही. तेव्हा त्या चेकचा विचार सोडा.

पहिलं दार ग्राहक आयोगाचं, आणि माझा कल तिकडेच आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथांच्या यादीत हे स्पष्ट लिहिलंय: ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती, कायद्याचा आधार नसताना, दुसऱ्याला देणं. तक्रार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात करता येते, म्हणजे वहिनींसाठी बांद्रा. दुकानाचं ऑफिस बेंगळुरूला असलं तरी बिघडत नाही. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, सरकारच्या ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते. मुदत २ वर्षं. मुख्य म्हणजे भरपाई तुमच्या हातात येऊ शकते.

खोट कुठे आहे तेही सांगतो. दुकानदार प्रायव्हसी पॉलिसी पुढे करणार: 'आम्ही जाहिरात भागीदारांना माहिती देतो' असं त्यात कुठेतरी लिहिलेलं असतंच. मग 'विश्वासाने दिली' हे तुम्हाला पटवून द्यावं लागेल. शिवाय ज्याने नुसतं बघितलं आणि काही घेतलं नाही, तो कायद्याने ग्राहकच नाही. कायद्यात निकालाला साधारण ३ महिने म्हटलंय. तारखा पडायला लागल्या की तो हिशेब विसरायचा.

दुसरं दार मंत्रालयात. आयटी कायद्याच्या कलम ४३अ खाली राज्याच्या आयटी सचिवांकडे ५ कोटींपर्यंतचा दावा चालतो. ऐकायला भारी, पण हे कलम संवेदनशील माहिती आणि ती सांभाळण्यातला निष्काळजीपणा यापुरतं आहे. डायपर म्हणजे आरोग्याची माहिती, असा वाद घालता येईल. साडी किंवा चपलेसाठी हे दार ठोठावूच नका.

तिसरं नवं डेटा संरक्षण मंडळ. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा, त्याचे नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि दुकानांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून. इथे खरेदी केलीच पाहिजे असं नाही, नुसतं बघणाराही तक्रार करू शकेल. पेपरात २५० कोटींचा दंड छापून येतो, तो सुरक्षेतल्या ढिलाईबद्दलचा. संमती न घेता माहिती दिली तर कमाल ५० कोटी. आणि त्यातला एक रुपयाही तुमचा नाही, सगळा सरकारजमा. उलट खोटी तक्रार केलीत तर तुम्हालाच १०,००० पर्यंत दंड! पिक्सेल कायमचा निघावा एवढंच हवं असेल तर थांबून या दारात जाणं योग्य. मनस्तापाचे पैसे हवे असतील तर बांद्रा.

कुठल्याही दारात जायचं तरी आधी दुकानाच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. मंडळाकडे जाण्याआधी तर ते कायद्यानेच करावं लागतं. ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ४८ तासांत पोच आणि महिनाभरात निवारण द्यायला हवं. पत्रात नेमकं विचारा: माझी कोणती माहिती, कोणाला, कधीपासून, आणि मी हो कुठे म्हटलं?

वहिनींनी शनिवारी मेल पाठवली. सोमवारी उत्तर आलं: आपलं पार्सल पोहोचलं आहे, कृपया पाच तारे द्या. त्याचीही प्रिंट काढून फाइलला लावली आहे.