उतू जाणारं फर्मेंटेशन आवरताना: ब्लो-ऑफ नळी, सिमेथिकोनचे थेंब आणि तापमान कंट्रोलर, कित्येक महिन्यांच्या वापरानंतर

घरी बिअर करताना फेस भांड्याबाहेर उतू जाऊ नये म्हणून काय वापरावं, त्याचा निकाल आधी सांगून टाकतो. तापमान कंट्रोलर हवाच, फेस बाहेर वाहून नेणारी जाड ब्लो-ऑफ नळी त्याच्या खालोखाल, आणि फेस बसवणारे सिमेथिकोनचे थेंब गरज पडली तरच. गेले कित्येक महिने या तिन्ही गोष्टी माझ्या ३० लिटरच्या फूड-ग्रेड प्लास्टिक फर्मेंटरवर (बिअर आंबवायच्या भांड्यावर) वापरात आहेत. त्यात बहुतेक वेळा २० ते २३ लिटर वर्ट, म्हणजे बिअर होण्याआधीचं माल्टचं गोड पाणी, असतं. पेल एल, स्टाउट, गव्हाची बिअर असं सगळं त्यात होऊन गेलंय. त्यामुळे कोणती वस्तू नेमकी काय करते आणि काय करत नाही, हे आता खात्रीने सांगता येतं.

मुळात हा जोर केवढा असतो ते बघा. १.०५० ग्रॅव्हिटीचं (म्हणजे पाण्याच्या तुलनेतली घनता; साखर जास्त तेवढी ती जास्त) २० लिटर वर्ट १.०१० पर्यंत उतरतं, तेव्हा त्यातून ४०० लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि त्यातला बराचसा पहिल्या दोन-तीन दिवसांतच. नुसता वायू असता तर साध्या एअरलॉकने (वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत न येऊ देणारी छोटी झडप) निभावलं असतं. पण माल्टमधली प्रथिनं बुडबुडे धरून ठेवतात आणि त्या फेसाबरोबर यीस्ट, हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) चोथा आणि हॉप्सची चिकट राळ वर चढते. हे सगळं एअरलॉकच्या बारीक वाटेत शिरलं की वाट बंद, आणि आत दाब वाढत जातो. प्लास्टिकच्या फर्मेंटरचं झाकण उडेल, भिंतीवर शिंतोडे जातील, एवढ्यावर भागतं. काचेचा कारबॉय (अरुंद तोंडाची मोठी बाटली) मात्र फुटू शकतो. काचेत बिअर करणाऱ्यांनी पहिले तीन-चार दिवस एअरलॉकच्या भानगडीत पडूच नये, थेट नळी लावावी.

माझी नळी सिलिकॉनची, १२ मिमी आतल्या व्यासाची, झाकणातल्या ग्रोमेटमधून (रबरी कड्यातून) जाणारी आहे. कारबॉयसाठी तोंडातच घट्ट बसणारी २५ मिमीच्या आसपासची नळी जास्त बरी. तीन भागांच्या एअरलॉकच्या दांड्यावर नळी चढवूनही काम होतं, पण दांड्याच्या तळाशी प्लास्टिकची छोटी फुली असते, ती आधी कापून टाका. हॉप्सचा चोथा नेमका तिथेच अडकतो. नळीचं दुसरं टोक सॅनिटायझर भरलेल्या बरणीत दोन-तीन सेंटिमीटर बुडेल एवढंच ठेवायचं. बरणी मोठी घ्यायची आणि अर्धीच भरायची, कारण आतून येणाऱ्या फेसालाही जागा लागते.

स्टाउट करताना दुसऱ्या दिवशी नळीकडे बघण्यासारखं असतं. तपकिरी फेसाचे तुकडे, मध्ये पोकळ टप्पे, असे एकामागोमाग बरणीकडे सरकत असतात. नळीच्या आतल्या बाजूला हिरवट-तपकिरी चिकटा धरतो, बरणीतलं पाणी चहाच्या रंगाचं होतं आणि तळाशी यीस्टचा फिकट गाळ बसतो. जोर फार असेल तर लिटरभर बिअर अशीच वाहून जाते. हा कडवट थर निघून गेल्याने चव मऊ होते असं बरेचजण सांगतात. मला तरी तसा फरक जाणवलेला नाही, त्यामुळे वाहून गेलेल्या बिअरला मी नुकसानच म्हणेन.

ही कल्पना काही नवी नाही. इंग्लंडमधल्या बर्टन-ऑन-ट्रेंटची बर्टन युनियन पद्धत, पीटर वॉकर यांनी १८३८ मध्ये पेटंट घेतलेली, याच तत्त्वावर चालायची. पिंपांवरच्या वाकड्या नळ्यांतून फेस वरच्या पन्हळीत जायचा, यीस्ट वेगळं व्हायचं आणि बिअर परत पिंपात यायची. मार्स्टन्स ब्रुअरीने ती २०२४ पर्यंत चालवली. घरच्या नळीत बिअर परत आणायची सोय नाही, पण मोठ्या ब्रुअरीनेही फेस दाबत न बसता त्याला वाट करून दिली होती, हे मला फार पटतं.

नळीच्या तक्रारी दोन. पहिली, सिलिकॉन मऊ असल्याने काही महिन्यांनी ती वळणावर दुमडायला लागते, आणि दुमडलेली नळी म्हणजे तुंबलेलं एअरलॉकच. लावताना वळण मोठं ठेवा आणि रोज एकदा हाताने चाचपून बघा. वापर झाल्या झाल्या गरम पाण्यात सोडियम परकार्बोनेट घालून भिजवा. चिकटा वाळला की ब्रशलाही दाद देत नाही. हॉप्सचा वास आणि पिवळेपणा कायमचा राहतो, पण त्याने बिअरला काही होत नाही. दुसरी तक्रार जास्त महत्त्वाची. बिअर २० अंशांवरून २ अंशांवर थंड करायला घेतली की वरचा वायू आकसतो. आठ लिटर मोकळी जागा असेल तर नुसत्या आकसण्याने अर्ध्या लिटरच्या आसपास पोकळी होते, शिवाय थंड बिअर कार्बन डायऑक्साइड जास्त विरघळवून घेते. मग बरणीतलं गढूळ पाणी उलट्या दिशेने बिअरमध्ये ओढलं जातं. म्हणून फेस खाली बसला की नळी काढून एअरलॉक लावायचं, त्यात थोडंच सॅनिटायझर ठेवायचं, आणि मगच थंड करायचं.

थेंबांबद्दल थोडक्यात. सिमेथिकोन बुडबुड्यांचे पापुद्रे फोडतं, त्यामुळे फेस उभाच राहत नाही. यीस्ट टाकताना बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात थेंब घातले की २३ लिटर भरूनही झाकणाला फेस लागत नाही. उकळताना भांडं उतू जायची भीती असेल तर तिथेही हेच चालतात. ग्लासातला फेस मरेल ही शंका मलाही होती, पण सिलिकॉन यीस्टबरोबर तळाशी बसतं आणि ओतलेल्या बिअरवर फेस नेहमीसारखाच टिकतो. पोटातल्या गॅसवरच्या औषधात हेच द्रव्य असतं, मात्र त्यात स्वाद आणि गोडी मिसळलेली असते, म्हणून ब्रुइंगसाठी बनवलेलेच थेंब घ्यावेत. त्यांची मर्यादा मात्र लक्षात असू द्या: वायू तेवढाच निघतो, उष्णता तेवढीच राहते. गव्हाच्या बिअरसाठी वायईस्ट ३०६८ सारखं यीस्ट असेल तर उत्पादकच ३३ टक्के जागा मोकळी ठेवायला सांगतो. म्हणजे माझ्या फर्मेंटरमध्ये २० लिटर, त्यावर नाही. तिथे थेंबांवर विसंबण्यापेक्षा वर्ट कमी घेणं मला जास्त पसंत आहे.

आता कंट्रोलर. बाकी दोन गोष्टी फेसाचा बंदोबस्त करतात, हा त्याच्या कारणाचा करतो. साखर खाताना यीस्ट उष्णता सोडतं. खोली २२ अंश असली तरी फर्मेंटरच्या पोटात २६-२७ सहज होतात. गरम झालेलं यीस्ट आणखी वेगाने खातं, म्हणजे आणखी उष्णता. या चक्रात फेस तर उतू जातोच, पण त्याहून वाईट म्हणजे फ्युझेल अल्कोहोलचा जळजळीत, थिनरसारखा उग्रपणा बिअरमध्ये उतरतो आणि तो कितीही मुरवली तरी पुरता जात नाही. फरशी पुसता येते, ही चव पुसता येत नाही.

कंट्रोलर मी जुन्या फ्रिजला जोडलाय. एल यीस्ट १७ अंशांवर टाकायचं, पहिले तीन दिवस १८-१९ वर धरायचं, जोर ओसरला की २०-२१ पर्यंत चढू द्यायचं, म्हणजे यीस्ट डायॲसिटिल (लोण्यासारखी नको असलेली चव देणारं द्रव्य) साफ करून टाकतं. सगळी मदार प्रोबच्या (कंट्रोलरच्या तापमान मोजणाऱ्या टोकाच्या) जागेवर आहे. तो फ्रिजच्या हवेत लोंबकळत ठेवला तर कंट्रोलर हवेचं तापमान सांभाळतो आणि आतलं वर्ट खुशाल तीन-चार अंश वर असतं. फर्मेंटरच्या बाजूला, वर्टच्या पातळीच्या खाली, वरून फोमचा तुकडा ठेवून प्रोब चिकटपट्टीने घट्ट बसवायचा. कंट्रोलरवर फ्रिज चालू-बंद होण्यातला फरक अर्धा ते एक अंश आणि कॉम्प्रेसरचा विलंब तीन ते पाच मिनिटं ठेवला की फ्रिजही दमत नाही. माझा प्रोब बर्फ-पाण्यात बुडवून तपासला तर जवळपास एक अंश जास्त दाखवत होता. सेटिंगमध्ये तेवढी दुरुस्ती करता येते. नवा कंट्रोलर आला की हे पहिलं काम.

फ्रिज नसेल तर फर्मेंटर पाण्याच्या टबात ठेवून त्यात गोठवलेल्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदलत राहा. कष्ट आहेत, पण पहिले तीन दिवस केलं तरी पुरतं. जोर कमी करायचा म्हणून यीस्ट कमी टाकण्याचा सल्ला मात्र अजिबात ऐकू नका. एवढ्या वर्टला ११.५ ग्रॅमचं आख्खं पाकीट लागतं, उपाशी-थकलेलं यीस्ट नको त्या चवी देतं. तसंच फेस ऐन भरात असताना ड्राय हॉप्स (वासासाठी न उकळता घातलेले हॉप्स) टाकू नका, विरघळलेला वायू एकदम सुटून उसळतो.

थंड ठेवलेलं फर्मेंटेशन एक-दोन दिवस जास्त घेतं आणि बुडबुडेही संथ येतात. त्यावरून ते संपलं असं धरू नका. दोन-तीन दिवसांच्या अंतराने हायड्रोमीटरवर (ग्रॅव्हिटी मोजायच्या साधनावर) तोच आकडा आला, की मग बाटल्या भरायच्या.