फिल्म रेंजफाइंडरनंतर डिजिटल: लायका एम१० वापरल्यावर

डिजिटल कॅमेरा घ्यायचं ठरलं तेव्हा लेन्स आधीच ठरलेल्या होत्या. २८, ३५ आणि ५० मिमीच्या, तिन्ही एम माउंटच्या (लायकाच्या एम कॅमेऱ्यांना लेन्स बसते ती जोडणी), तिन्ही माझ्या फिल्म रेंजफाइंडरवर, लायका एम६ वर, वर्षानुवर्षं वापरलेल्या. प्रश्न एवढाच की त्यांच्या मागे काय लावायचं. वरवर पाहता हे सोपं आहे. एम माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर २७.८ मिमी, सोनीच्या ई माउंटचं १८, निकॉनच्या झेडचं १६. म्हणजे अडॅप्टरपुरती जागा जवळजवळ कुठल्याही मिररलेस (आत आरसा नसलेल्या) बॉडीत मिळते.

म्हणून आधी एक फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मच्या फ्रेमएवढा सेन्सर असलेली) मिररलेस मागून आणून वापरली. ५० वर चित्र उत्तम, २८ वर मात्र कोपरे पुसल्यासारखे. जुन्या धाटणीच्या वाइड लेन्सचं मागचं भिंग फिल्मच्या फार जवळ असतं, त्यामुळे कडेला प्रकाश खूप तिरका पडतो. फिल्मला त्याचं काही वाटत नाही. सेन्सरवर मात्र काचेचा थर असतो, आणि तो जाड असला की तिरके किरण त्यात भरकटतात. एम मालिकेच्या सेन्सरवरची काच मुद्दाम पातळ ठेवलेली असते आणि कडेच्या सूक्ष्मभिंगांची रचनाही वेगळी असते, ती याचसाठी.

तरीही कोपऱ्यांसाठी मी तो कॅमेरा परत केला नसता. जड गेलं ते फोकस करणं. एफ/८ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान असताना, इलेक्ट्रॉनिक फाइंडरमध्ये सगळंच थोडंथोडं स्पष्ट दिसतं, नेमका बिंदू सापडत नाही. मग अ‍ॅपर्चर उघडा, चित्र मोठं करा, फोकस करा, पुन्हा अ‍ॅपर्चर बंद करा. मोठं केलेलं असताना फ्रेम डोळ्यांसमोर नसते, आणि तेवढ्यात समोरचा माणूस निघून गेलेला असतो. फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारं पीकिंग मला कधीच भरवशाचं वाटलं नाही. रेंजफाइंडरमध्ये लेन्समधून नव्हे, वेगळ्या खिडकीतून पाहायचं. मधल्या चौकोनातल्या दोन प्रतिमा जुळल्या की काम झालं, अ‍ॅपर्चर काहीही असो. शिवाय फ्रेमच्या बाहेर काय येतंय ते दिसत राहतं. हे सुटलं तर माझं फोटो काढणंच बदलतं, हे तेव्हा पक्कं कळलं.

ऑप्टिकल खिडकी हवी म्हटल्यावर यादी आखडते. एप्सनचा आर-डी१ हा पहिला डिजिटल रेंजफाइंडर, २००४ चा. शटर भरायला फिल्म कॅमेऱ्यासारखा लिव्हर, फाइंडर १:१. फार गोड यंत्र, पण ६ मेगापिक्सेल. लायका एम८ (२००६) मध्ये सेन्सर १.३३ क्रॉपचा, म्हणजे फिल्मच्या फ्रेमपेक्षा लहान, आणि इन्फ्रारेड फिल्टर लावला नाही तर काळे कृत्रिम कापड जांभळट येतं. एम९ (२००९) पहिला फुल-फ्रेम. मात्र त्याच्या मूळ सेन्सरच्या काचेला गंज धरतो हे जगजाहीर आहे, तेव्हा जुना घेणार असाल तर सेन्सर बदललेला आहे का, ते आधी विचारा. फूजीच्या एक्स-प्रो मालिकेत ऑप्टिकल फाइंडर आहे, पण सेन्सर लहान, एपीएस-सी आकाराचा, म्हणजे माझी ३५ तिथे ५० सारखी वागणार. नव्याने लेन्स घेणाऱ्याला तो रस्ता चांगला आहे.

शेवटी एम१० घेतला, २०१७ चं मॉडेल, २४ मेगापिक्सेल. फिल्मच्या एम एवढाच पातळ, त्यामुळे हाताला वेगळं काही शिकावं लागलं नाही. वर आयएसओची चकती आहे, ती उचलून फिरवायची. मागे तीनच बटणं. कार्ड बदलायला तळाची पट्टी काढावी लागते. काहींना हे हौशी वाटतं, मला रोल भरण्याची सवय आहे. खिडकीत चित्राची हद्द दाखवणाऱ्या फ्रेमच्या रेषांचं मात्र लक्षात ठेवावं लागलं. एम६ मध्ये त्या ०.७ मीटरला जुळवलेल्या असतात, म्हणून लांबच्या चित्रात रेषेबाहेरचंही बरंच येतं. इथे त्या २ मीटरला जुळवल्या आहेत. लांबचं चित्र रेषांशी छान जुळतं, पण अगदी जवळून काढताना कडा कापल्या जातात.

फोकसच्या बाबतीत डिजिटल निर्दयी आहे. निगेटिव्हवर जे ‘ठीक’ होतं ते पडद्यावर शंभर टक्के मोठं केलं की चुकलेलं दिसतं. काही लेन्स अ‍ॅपर्चर बदलताना फोकस सरकवतात, झाइसची सी-सोनार ५० एफ/१.५ त्यासाठी प्रसिद्धच आहे. लेन्स घेतल्याबरोबर उघड्या अ‍ॅपर्चरवर तिरकी पट्टी ठेवून तपासा, आणि चूक एकाच लेन्समध्ये आहे की सगळ्यांत, ते पाहा. सगळ्यांत असेल तर बॉडीची जुळणी करून घ्यायची.

सर्वांत उशिरा बदललं ते एक्स्पोजर. निगेटिव्ह फिल्मला सावलीसाठी मोजायचं आणि वर थोडं जास्तच द्यायचं, हे अंगात मुरलेलं. डिजिटलमध्ये पांढरं एकदा उडालं की तिथे काहीच उरत नाही, आणि सावली मात्र नंतर कितीतरी वर काढता येते. आता मी उजळ भागासाठी मोजतो आणि चित्र मुद्दाम गडद ठेवतो. मीटर मध्यभागाला झुकतं माप देतं, त्यामुळे आकाश मधे आलं की चित्र आपोआप गडद होतं. ते मी तसंच राहू देतो.

बॅटरी लहान आहे, जोडीला दुसरी ठेवाच. स्क्रीनवरचा आपोआप दिसणारा फोटो पहिल्याच दिवशी बंद केला.

चष्मा असेल तर २८ ची फ्रेम एका नजरेत दिसणं कठीण, आणि ९० च्या पुढे मधली फ्रेम फारच लहान पडते. अशांनी मिररलेसच घ्यावा. मी ५० पूर्ण उघडून अगदी जवळून काढायचं असलं तर लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर सेन्सरचं चित्र) लावतो. त्यात शटर आधी बंद होऊन मग पुन्हा उघडतं, तेवढा उशीर होतोच, म्हणून हलणाऱ्या माणसासाठी त्याचा उपयोग नाही.