कुत्र्याचं खाद्य बदलल्यावर जुलाब: जुनं खाद्य की भात-चिकन?

नवं खाद्य एकदम सुरू केलं की कुत्र्याच्या आतड्यातल्या जिवाणूंना जुळवून घ्यायला वेळ मिळत नाही आणि शी पातळ होते. अशा वेळी दोन मार्ग असतात.

कुत्रा खेळतोय, पाणी पितोय, उलटी नाही, फक्त शी मऊ आहे, तर सरळ जुन्या खाद्यावर परत जा. आमची पहिली पसंती यालाच. पोषण पूर्ण मिळतं आणि पोटावर तिसरं खाद्य लादलं जात नाही.

शी पाण्यासारखी असेल किंवा जुनं खाद्य संपलं असेल, तर भात-चिकन. उकडलेलं, कातडी व हाडं काढलेलं चिकन एक भाग, मऊ भात दोन भाग. तेल, मीठ, मसाला नको. कांदा-लसूण तर विषारीच. दिवसातून चार वेळा थोडं थोडं द्या. चूक होते ती इथे: कुत्रा आवडीने खातो म्हणून हेच आठवडाभर चालू ठेवलं जातं. यात कॅल्शियम जवळपास नसतं, त्यामुळे दोन-तीन दिवसच.

मार्ग कुठलाही असो, माणसांची जुलाब थांबवायची गोळी देऊ नका. अशा गोळ्यांतलं लोपेरामाइड हे औषध कोली जातीच्या काही कुत्र्यांच्या मेंदूवर परिणाम करतं.

शी घट्ट झाली की नवं खाद्य पाव भागापासून पुन्हा सुरू करा आणि सात ते दहा दिवसांत पूर्ण प्रमाणावर आणा.

रक्त, वारंवार उलट्या, मलूलपणा, कोरड्या चिकट हिरड्या दिसल्या किंवा पिल्लू असेल, तर घरी प्रयोग न करता लगेच पशुवैद्यांकडे न्या.