बाळाचं दूध श्वासनलिकेत जातंय का: दुर्बीण की बेरियम?

लॅरिंगोमलेशिया म्हणजे स्वरयंत्राचा वरचा मऊ भाग श्वास घेताना आत ओढला जातो म्हणून बाळ घरघरतं, आणि बहुतेकांचं दीड-दोन वर्षांत आपोआप जातं. पण दूध पिताना ठसका, पिऊन झाल्यावर घशात पाणी असल्यासारखा आवाज, वजन वाढत नाही, असं काही असेल तर थांबू नका. दूध श्वासनलिकेत जात असू शकतं, तेव्हा डॉक्टर दुर्बीण किंवा बेरियम, यापैकी एक टेस्ट सांगतात.

बेरियमच्या टेस्टमध्ये एक्सरे चालू ठेवून बेरियम (एक्सरेत उठून दिसणारा पदार्थ) घातलेलं दूध पाजतात, तोंडापासून अन्ननलिकेपर्यंत सगळं दिसतं आणि नेमकं गिळतानाच दूध कुठे गेलं तेही कळतं. पण रेडिएशनमुळे वेळ थोडाच मिळतो, काही बाळं चव लागली की तोंडच उघडत नाहीत, आणि अंगावर पिणाऱ्या बाळाला तिथे बाटली द्यावी लागते.

दुर्बिणीची टेस्ट आम्ही केली. नाकातून बारीक दुर्बीण घातली, लेक माझ्या मांडीवरच, दुधात हिरवा खायचा रंग. आधी रडली खूप, मग प्यायला लागली आणि स्क्रीनवर हिरवी रेघ स्वरतंतूंच्या खाली उतरलेली दिसली, पण ती खोकलीच नाही हो, पोटात गोळाच आला माझ्या. यात रेडिएशन नाही, अंगावर पाजतानाही होते, स्वरतंतू हलतायत का तेही दिसतं. फक्त गिळायच्या क्षणी घसा आवळला की स्क्रीन पांढरी होते, मग मागे काय उरलं त्यावरून अंदाज.

माझं मत विचाराल तर स्वरयंत्राचाच संशय आहे आणि बाळ अंगावर पितंय तर आधी दुर्बीण. दुर्बिणीत काही सापडलं नाही तरी न्यूमोनिया परत परत होतोय, किंवा अन्ननलिकेचीही शंका आहे, तर बेरियम. आणि स्वरयंत्राला मागे चीर असेल तर ती या दोन्हींत सुटू शकते, त्यासाठी भूल देऊनच आत तपासावं लागतं.

टेस्टआधी स्वतःच्या मनाने दूध घट्ट करू नका. आईच्या दुधातलं एन्झाइम तांदळाची पेज काय नि नाचणीचं सत्त्व काय, परत पातळ करतं, आणि दूध घट्ट करायच्या झँथन गमच्या पावडरीबद्दल अमेरिकेच्या एफडीएने (तिथली अन्न-औषध नियामक संस्था) 2011 मध्ये वेळेआधी जन्मलेल्या बाळांसाठी इशारा दिला होता.

जाताना घरचीच बाटली, घरचंच निप्पल न्या आणि बाळाच्या भुकेची वेळ मागून घ्या.