काडीमोड कोणाच्या हाती? एलिफंटाइन की मिश्ना

नाईल नदीतल्या एलिफंटाइन बेटावर (आपल्या घारापुरीशी याचा संबंध नाही) इ.स.पू. ५व्या शतकात ज्यूंची वसाहत होती. तिथले अरामी भाषेतले विवाहकरार पपायरसवर टिकले आहेत. त्यांनुसार बायकोही सभेत उभी राहून ‘मला नवऱ्याचा तिटकारा आला’ असं सांगून मोकळी होई. दंड म्हणून ती ‘तिटकाऱ्याची चांदी’, बहुधा साडेसात शेकेल (शेकेल हे तेव्हाचं वजन), तोलून देई आणि माहेरून आणलेलं सगळं घेऊन बाहेर पडे.

इ.स. २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नात, म्हणजे ज्यूंच्या मौखिक धर्मनियमांच्या संग्रहात, चित्र उलटं आहे. काडीमोडपत्र, म्हणजे ‘गेट’, फक्त नवराच देऊ शकतो; बायकोची संमती लागत नाही. पण कागद काटेकोर हवा: त्याच बाईसाठी मुद्दाम लिहिलेला, साक्षीदारांसह, आणि ‘तू आता कोणाही पुरुषाला मोकळी आहेस’ हे सांगणारा. दुसऱ्या कोणासाठी लिहिलेला वापरला तर तो रद्द, मग नाव जुळत असलं तरी. नवऱ्याला काही ठरावीक आजार असतील किंवा तो कातडी कमावण्यासारखा दुर्गंधीचा धंदा करत असेल, तर न्यायालय त्याला गेट द्यायला भाग पाडू शके. मात्र नवरा बेपत्ता झाला, तर बाई अडकून पडे.

पैशाच्या बाबतीत मिश्ना कमी नाही. केतुब्यात, म्हणजे काडीमोड झाला किंवा नवरा मेला तर बायकोला द्यायची रक्कम ठरवणाऱ्या विवाहकरारात, वधू कुमारिका असेल तर किमान २०० झूझ (चांदीची नाणी) आणि ती आधीच विधवा असेल तर १००, तेही नवऱ्याच्या मालमत्तेवर बोजा ठेवून. नवऱ्याच्या मृत्यूनंतर बायको त्याची वारस मात्र नसे. एलिफंटाइनच्या एका करारात निपुत्रिक नवऱ्याच्या घरादारावर बायकोचाच हक्क लिहिला आहे.